ऋतू आणि चंद्राच्या कला : हिंगोलीच्या अंगणातून



मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातल्या अनुमानाबद्दल बोललो. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण का म्हणू शकतो, आणि कधी म्हणू शकत नाही, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर सेनगावकडच्या एका शेतकरी श्रोत्याने विचारलं, "सर, पोराच्या पुस्तकात लिहिलंय की जानेवारीत सूर्य जवळ असतो. मग जानेवारीत थंडी काहून वाजते?" त्यांच्या शेजारी बसलेल्या एका शिक्षिका म्हणाल्या, "आणि चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीनेच होतात ना? आम्ही तर तसंच सांगत आलो."

दोन्ही प्रश्न आम्ही लिहून घेतले आणि उत्तर पुढच्या वेळी देतो असं सांगितलं. त्याचं एक कारण आहे. आम्ही तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेतली, पुढे कित्येक वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं कलांच्या बाबतीत आम्हीही सावलीच्याच पक्षात होतो. कुणी विचारलं नाही म्हणून चूक उघडी पडली नाही, इतकंच. त्यामुळे आजचं व्याख्यान हे चुकलेल्या माणसाने चुकलेल्यांशी केलेलं बोलणं समजा. आणि आपल्याला दुर्बीण लागणार नाही. हिंगोलीतलं एक अंगण, स्टीलचा एक उंच पेला आणि एक लिंबू एवढं पुरेल.

आधी थंडीचं पाहू. पुस्तकात लिहिलेलं खरं आहे. पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळ नाही, किंचित लंबवर्तुळ आहे. जानेवारीच्या ३-४ तारखेच्या सुमारास पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या ४-५ तारखेच्या सुमारास सर्वांत लांब, १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. फरक ५० लाख किलोमीटरचा. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण एकूण अंतराच्या मानाने तो सव्वातीन-साडेतीन टक्केच आहे.

आता "चुलीच्या जवळ गेलं की जास्त ऊब लागते" हा नियम काही खोटा नाही. मग अनुमान कुठे चुकतं? जवळ-लांब हे ऋतूंचं कारण असतं, तर अख्ख्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आणि एकाच वेळी हिवाळा यायला हवा होता. पण आपण जानेवारीत शेकोटी पेटवतो तेव्हा ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा असतो. नैयायिक अशा कारणाला सव्यभिचारी हेतू म्हणतात. म्हणजे जिथे कार्य आहे तिथेही सापडतो आणि जिथे कार्य नाही तिथेही सापडतो, असा भटका हेतू. तो कितीही पटणारा असला तरी बाजूला ठेवावा लागतो.

मग खरं कारण काय? पृथ्वीची आस कललेली आहे. सुमारे २३.४ अंशांनी. हे वाक्य सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की पृथ्वी कधी इकडे कलते, कधी तिकडे कलते, बैलाने मान हलवावी तशी. तसं होत नाही. वर्षभर आस एकाच दिशेला रोखलेली असते, ध्रुवताऱ्याकडे. आज रात्री गच्चीवर जाऊन उत्तरेकडे हात लांब करा, क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेला ध्रुव सापडेल. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, आणि हिंगोली विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेवीस अंशांच्या आसपास आहे. मुठींचा हिशोब त्यामुळेच जुळतो. सहा महिन्यांनी पाहा, ध्रुव तिथेच असेल.

आस हलत नाही तर ऋतू कसे बदलतात? यासाठी औंढा नागनाथला जाऊ. आपण सगळ्यांनीच तिथे प्रदक्षिणा घातलेली आहे. आता एक विचित्र प्रदक्षिणा मनात आणा. देवळाभोवती फिरायचं, पण तोंड सतत उत्तरेकडेच ठेवायचं, आणि अंग उत्तरेकडे जरासं झुकलेलं ठेवायचं. तुम्ही देवळाच्या दक्षिणेला असता तेव्हा देऊळ तुमच्या समोर असतं आणि तुमचं डोकं देवळाकडे झुकलेलं असतं. चालत चालत तुम्ही उत्तरेला पोचलात की देऊळ पाठीमागे जातं आणि डोकं देवळापासून दूर झुकलेलं असतं. पूर्वेला आणि पश्चिमेला देऊळ खांद्याच्या बाजूला येतं, डोकं ना त्याच्याकडे ना त्याच्यापासून दूर. तुम्ही मान हलवली नाही, झुकणं बदललं नाही. फक्त जागा बदलली. देऊळ म्हणजे सूर्य, तुमचं डोकं म्हणजे उत्तर गोलार्ध. समोर देऊळ असतं तो जून, पाठीमागे असतं तो डिसेंबर, आणि बाजूचे दोन मुक्काम म्हणजे मार्च आणि सप्टेंबरचे विषुवदिन, ज्या दिवशी दिवस आणि रात्र जवळपास सारखी असते.

(औंढ्याचं नाव निघालं की नामदेवांची आख्यायिका आठवतेच. नामदेव देवळाच्या मागे कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं म्हणतात. नामदेव आपल्या नर्सीचे, त्यामुळे या बाबतीत आम्ही तटस्थ नाही. पण आपल्या आजच्या दाखल्यात देऊळ जागचं हलत नाही, फिरतो तो भाविक, हे ध्यानात असू द्या.)

हे झुकणं आपल्या अंगणात कसं दिसतं ते बघू. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य हिंगोलीत दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. ऊन तिरपं पडतं. तिरपं पडलं म्हणजे काय झालं? एका वाफ्यात जेवढं पाणी सोडायचं तेवढंच पाणी दीड वाफ्यात सोडलं तर प्रत्येक रोपाच्या वाट्याला कमी येणार. ऊनही तसंच पसरतं. सरळ पडलं असतं तर जे एक चौरस मीटरवर मावलं असतं, ते डिसेंबरच्या दुपारी जवळजवळ १.४ चौरस मीटरवर पसरतं. त्यात दिवसही लहान, सुमारे १० तास ५५ मिनिटांचा. जूनच्या २१ तारखेला तोच दिवस जवळपास १३ तास २० मिनिटांचा असतो. तिरपेपणा आणि दिवसाची लांबी असे दोन्ही हिशोब एकत्र केले, ढग बाजूला ठेवले, तर आपल्याकडे जूनच्या त्या दिवशी डिसेंबरच्या मानाने साधारण दीडपट ऊर्जा पोचते. आणि हे सूर्य लांब असताना! अंतरामुळे पडणारा फरक सात टक्क्यांच्या आसपास असतो, आणि कलण्यामुळे पडणारा फरक त्याला गिळून टाकतो.

आता तो पेला आणा. मे महिन्याच्या १९-२० तारखेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास, तो अंगणात सपाट फरशीवर उपडा ठेवा. सरळ उभ्या कडांचा असावा, वर रुंद आणि खाली निमुळता नको. त्याची सावली बाहेर पडणार नाही, बुडाखालीच जाईल. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास येतो, मग आपल्याकडे, मग २६ मेच्या सुमारास नागपुरात. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे गाव गाव करत चाललेला असतो. दिल्लीला हा दिवस कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. घड्याळात १२ ऐवजी १२.१८ का, असं कुणी विचारेल. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि हिंगोली ७७ च्या थोडं पुढे, म्हणजे बरीच पश्चिमेला आहे. सूर्य आपल्याकडे पोचायला तेवढा उशीर होतो.

त्यानंतर दोन महिने एक गंमत चालते. दुपारची सावली, जी एरवी उत्तरेला पडते, ती दक्षिणेला पडते, कारण सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेला गेलेला असतो. उत्तरेकडच्या खिडकीतून जूनमध्ये ऊन का येतं, हे घर बांधणाऱ्या गवंड्याला ठाऊक असतं. आम्हाला ते साठीनंतर कळलं. मग जुलैच्या २४ तारखेच्या सुमारास सूर्य परतताना पुन्हा एकदा नेमका डोक्यावर येतो.

इथे जरा थांबून विचार करायला हवा. १९ मे आणि २४ जुलै. दोन्ही दिवशी सूर्य हिंगोलीच्या बरोबर डोक्यावर. दिवसाची लांबीही जवळपास सारखी. एका दिवशी पारा चाळिशी ओलांडून गेलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी झड लागलेली, कयाधूला पाणी, आणि सूर्य दिसला तर नशीब. ऋतू म्हणजे केवळ सूर्याचा कोन असता तर हे दोन दिवस सारखे असते. म्हणून "आस कलल्यामुळे ऋतू होतात" हे उत्तर बरोबर असूनही आपल्यासाठी अपुरं आहे. ते युरोपातल्या चार ऋतूंना जवळजवळ पुरतं. आपल्या पावसाळ्याला आणखी एक पायरी लागते.

ती पायरी अशी. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर येतो, जमीन तापते. समुद्र इतक्या लवकर तापत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्याच्या मागोमाग उत्तरेकडे सरकतो. दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून इकडे ओढले जातात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने ते उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून येणारे वारे होतात. समुद्रावरून येताना बाष्प घेऊन येतात. त्यातला मोठा वाटा सह्याद्री कोकणातच उतरवून घेतो. आपण पर्जन्यछायेत. आपल्या वाट्याला उरलेलं येतं, शिवाय बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन पूर्वेकडून सरकत आले की त्यांचा पाऊस मिळतो. म्हणून इथला शेतकरी पश्चिमेकडेही बघतो आणि पूर्वेकडेही. आस कललेली नसती तर ही ओढाताणच झाली नसती. पण आस कलली म्हणून अमुक तारखेला पाऊस पडेलच असं नाही. मधे समुद्र आहे, डोंगर आहे, वारा आहे. कारण आणि कार्य यांच्यात इतके मध्यस्थ असले की खात्री पातळ होत जाते.

आणि तारखेवरून आठवलं, मृगाबद्दल बोलल्याशिवाय आपल्या जिल्ह्यात ऋतूंवरचं व्याख्यान पुरं होणार नाही.

मृग लागतो ७ किंवा ८ जूनला. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला गेलं, पण मृग दोन्ही वर्षी आपल्या जागेवरच होता. असं का? कारण सण तिथीने चालतात, म्हणजे चंद्राने, आणि पावसाची नक्षत्रं सूर्याने चालतात. सूर्य ज्या नक्षत्रात दिसायला हवा ते नक्षत्र. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकात सूर्याचा मुक्काम तेरा-चौदा दिवस. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि शेवटी हस्ताचा हत्ती. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आपल्या आजी-आजोबांनी ही सौर दिनदर्शिका तोंडपाठ ठेवली होती. तिला अंधश्रद्धा म्हणणारे आम्हाला भेटले की आम्ही त्यांना विचारतो, तुमचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं तर तुम्हाला आजची तारीख सूर्यावरून सांगता येईल का?

पण याच पंचांगात नक्षत्राचं वाहनही छापलेलं असतं. कोल्हा, बेडूक, वगैरे, आणि त्यावरून पावसाचा अंदाज. इथे आम्ही स्पष्ट बोलतो. नक्षत्राची तारीख सूर्याच्या जागेवरून येते. वाहन आकडेमोडीतून येतं आणि त्या आकडेमोडीत ना समुद्राचं तापमान आहे, ना वारा. एकाच पानावर छापलेल्या दोन गोष्टी सारख्याच प्रमाण होत नाहीत.

तारखेलाही एक मेख आहे. पृथ्वीची आस वर्षभर एका दिशेला असते असं आपण म्हटलं. वर्षभर, हो. पण हजारो वर्षांच्या मापाने ती भोवऱ्यासारखी हळूहळू घुमते. एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. त्यामुळे सूर्याला ताऱ्यांमधून फिरून त्याच जागी यायला जेवढा वेळ लागतो, तो ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी जास्त आहे. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण ७२ वर्षांत तो एक दिवस होतो. याला संपातचलन म्हणतात. आमचं वय सत्तरीच्या पुढे आहे, म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत मृग ऋतूच्या मानाने एक दिवस पुढे सरकला आणि आम्हाला पत्ता लागला नाही. दीड हजार वर्षांत हाच फरक तीन आठवड्यांचा होतो. मकरसंक्रांत १४ जानेवारीला येते आणि सूर्याचं उत्तरेकडे वळणं मात्र २२ डिसेंबरच्या सुमारासच झालेलं असतं, ते यामुळेच.

हे आपल्याकडे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत नोंदवून ठेवलंय की पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून सुरू होत असे, आता ते कर्केच्या आरंभापासून होतं. त्याच्या पुढचा भाग आम्हाला जास्त आवडतो. शंका असेल तर लांबची खूण धरून सूर्य कुठे उगवतो-मावळतो ते बघा, किंवा मोठं वर्तुळ काढून सावली आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते ते बघा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आपला पेला! ग्रंथात काय म्हटलंय त्यापेक्षा सूर्य कुठे आहे ते पाहा, असं ग्रंथकारच सांगतो. हिंगोलीत उगवतीची जागा जूनमध्ये नेमक्या पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला जाते आणि डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेला. अडीच मुठी इकडे, अडीच मुठी तिकडे. समोरच्या बाभळीची किंवा टॉवरची खूण धरून ठेवा, वर्षभरात सगळं दिसेल.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचा चैत्र विषुवदिनाला बांधलेला आहे, तो सरकणार नाही. राजपत्रावर ती तारीख छापून येते. घरात मात्र कुणी वापरत नाही, आमच्याही नाही.

मृगाचं तात्पर्य शेतकऱ्याला काय, तर मृग हा "तयारीला लागा" असा निरोप आहे. "पेरा" असा हुकूम नाही. कृषी विद्यापीठ सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. मृग लागला, एक सर आली, सोयाबीन पेरलं आणि पुढे पंधरा दिवस उघडीप, हे आपण पाहिलेलं आहे. बियाण्याचा, खताचा पैसा मातीत गेलेला असतो आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. सूर्याची तारीख अचूक आणि पावसाची अनिश्चित, हा भेद नीट कळला नाही तर त्याची किंमत अशी रुपयांत मोजावी लागते.

संक्रांतीविषयी एक राहिलं. "संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो" हे खगोलाच्या हिशोबाने तीन आठवडे उशिराचं बोलणं आहे. पण ज्यांनी ते रूढ केलं त्यांना अगदीच चूक म्हणता येत नाही. आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिरा होत जातो. दिवस वाढत असतो तो संध्याकाळच्या बाजूने. पहाटे उठून कामाला लागणाऱ्या माणसाला सकाळ लवकर उजाडू लागल्याचं जाणवतं ते संक्रांतीनंतरच. याचं कारण काही अंशी आस कललेली असणं आणि काही अंशी, गंमत बघा, तेच आपण बाजूला ठेवलेलं अंतर. सूर्याजवळ असताना पृथ्वी जरा वेगाने धावते. म्हणून मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस असतात आणि उरलेलं अर्धं वर्तुळ ती १७९ दिवसांत उरकते. अंतर थंडी आणत नाही, पण हिवाळ्याची बाजू आठवड्याभराने आखूड करतं.

आता शिक्षिकाबाईंचा चंद्र.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्य त्याचा अर्धा भाग कायम उजळत असतो. अगदी अमावास्येलाही, फक्त तेव्हा उजळलेली बाजू आपल्याकडे पाठ करून असते. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना त्या उजळलेल्या अर्ध्यातला किती भाग आपल्याला दिसतो, ते बदलत जातं. त्यालाच कला म्हणतात. पृथ्वीच्या सावलीचा इथे काही संबंध नाही.

पण आम्ही म्हटलं म्हणून मानू नका. सावली कुठे पडते? सूर्याच्या विरुद्ध बाजूला. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला मावळत असेल तर पृथ्वीची सावली पूर्वेकडे पडलेली असते. आणि शुद्ध तृतीया-चतुर्थीची कोर कुठे दिसते? पश्चिमेला, सूर्याच्याच बाजूला. पूर्वेला पडलेल्या सावलीने पश्चिमेचा चंद्र कसा झाकेल? दुसरं, सावली गोल, तिची कड गोल. अष्टमीच्या चंद्राची अंधाराची कड मात्र सुरीने कापावी तशी सरळ असते. चंद्रग्रहणात खरोखर सावली पडते तेव्हा कड कशी दिसते ते आठवा, म्हणजे फरक पटेल.

तरीही मन मानत नसेल तर लिंबू घ्या. पौर्णिमेनंतर आठवड्याने, वद्य अष्टमीच्या सकाळी आठ-साडेआठला अंगणात या. सूर्य पूर्वेला वर आलेला असेल आणि अर्धा चंद्र पश्चिमेकडच्या आकाशात फिकट दिसत असेल. लिंबू उन्हात धरा, हात लांब करून चंद्राच्या शेजारी. लिंबाचा जेवढा भाग उन्हात आणि जेवढा अंधारात, तेवढाच चंद्राचा. तोच अर्धा, तीच बाजू. एक लिंबू हाताच्या अंतरावर आणि एक पावणेचार लाख किलोमीटरच्या पलीकडे, दोघांवर ऊन एकच. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा सेवानिवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सकाळी शेजारी फिरायला निघाले होते, त्यांना वाटलं आम्ही नजर उतरवतोय.

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात हे सांगून ठेवलंय की पृथ्वी आणि ग्रहांचे गोल अर्धे स्वतःच्याच छायेने काळोखे असतात आणि सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेला असतो. स्वतःच्याच छायेने, हे महत्त्वाचं. चंद्राचा अंधार चंद्राचा स्वतःचा आहे. आणि पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती ग्रहणात, हेही त्यानेच सांगितलं. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. दोन कक्षा जिथे छेदतात त्या दोन जागांना आपले ज्योतिषी राहू आणि केतू म्हणतात. तिथेच पौर्णिमा पडली तर ग्रहण.

आपली तिथी म्हणजे याच कोनाचं माप आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी. तीस तिथ्या, ३६० अंश. चंद्राचा वेग सारखा नसल्याने तिथी कधी १९-२० तासांची होते, कधी २६ च्या जवळ जाते, म्हणून तिथीचा क्षय आणि वृद्धी. घरोघरी याचा अनुभव असतो, फक्त जोडून पाहिलेला नसतो. विनायकी चतुर्थीचा चंद्र सूर्यास्तानंतर साधारण अडीच-तीन तासांनी मावळतो. संकष्टीचा चंद्र सूर्यास्तानंतर साधारण अडीच-तीन तासांनी उगवतो. उपास सोडायला ताटकळत बसलेल्या घराला चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो हे कुणी शिकवावं लागत नाही. पौर्णिमेला तो सूर्यास्तालाच उगवला होता, त्यानंतरच्या दिवसांचा उशीर साचत साचत नऊ वाजतात.

एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. ऋतूंचं वर्ष ३६५ चं. दर वर्षी ११ दिवसांची तूट पडते. ती भरायला आपल्याकडे साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो, २०२३ साली अधिक श्रावण आला होता तसा. जावयाला अनारसे आणि धोंड्याचं जेवण मिळतं ते चंद्र आणि सूर्याचा हिशोब जुळत नाही म्हणून! इस्लामी पंचांग ही तूट भरत नाही, ते निखळ चांद्र आहे. त्यामुळे रमजान दर वर्षी अकरा दिवस मागे येत येत सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपल्याच गल्लीतल्या वयस्क माणसांना विचारा, त्यांनी थंडीतले रोजेही धरलेत आणि मेच्या उन्हातलेही.

शेवटी एक गोष्ट, जिथे आजचे दोन्ही प्रश्न एकमेकांना भेटतात. शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर दर महिन्याला सारखी बसलेली नसते. फाल्गुन-चैत्रात ती होडीसारखी आडवी दिसते, दोन्ही टोकं वर. भाद्रपद-आश्विनात बरीच उभी, एका कुशीवर कललेली. कोरीची उजळ बाजू नेहमी मावळलेल्या सूर्याकडे असते. वसंतात चंद्र मावळत्या सूर्याच्या जवळजवळ थेट वर असतो, शरदात तो डावीकडे, दक्षिणेकडे सरकलेला असतो. सूर्य-चंद्राचा आकाशातला रस्ता क्षितिजाशी कधी उभा तर कधी तिरका असतो, आणि तो तसा असतो कारण पृथ्वीची आस २३.४ अंशांनी कललेली आहे. जे झुकणं मेमध्ये आपली सावली पेल्याखाली ढकलतं, तेच कोरीला आडवं-उभं करतं. आकाश स्वच्छ असेल तर कोरीच्या आत उरलेला गोलही फिकट राखाडी दिसेल. तो पृथ्वीवरून परावर्तित होऊन चंद्रावर पडलेला उजेड.

पुढच्या वेळी येताना कोर कशी बसली होती ते कागदावर काढून आणा, तारीख आणि वेळ घालून. सेनगावचे आपले मित्र आज मागे बसलेत, त्यांनी हात वर केलाय. विचारा.